बारामती व इंदापूर : दोन पेठांचा इतिहास आणि त्यांचीं दफ्तरें

१

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा अशा दोन नद्यांच्या मधील पट्ट्यांत बारामती व इंदापूर हीं दोन जुनीं बाजाराचीं गांवें आहेत. बारामती कऱ्हेच्या कांठीं, तर इंदापूर पुणें-सोलापूर हमरस्त्यावर. पुढें नीरा-नरसिंहपूर येथें दोन्ही नद्यांचा संगम होतो व हा पट्टा संपतो. या गांवांविषयीं अभ्यासकांस जें ठाऊक असतें तें बहुधा दोन नांवांपुरतें असतें. इंदापूर म्हटलें कीं मालोजीराजे भोसले आठवतात, आणि बारामती म्हटली कीं कविवर्य मोरोपंत. हीं दोन्ही नांवें थोर आहेत यांत शंका नाहीं. तथापि राजे इंदापुरास पडले ती एका दिवसाची गोष्ट, व पंत बारामतीस राहिले ती एका आयुष्याची. त्यांच्या मागें व पुढें, पिढ्यान् पिढ्या, ठराविक वारीं तेथें पालें ठोकलीं गेलीं, बैलांच्या पाठीवरील गोण्या उतरल्या, मापें भरलीं गेलीं आणि चोपड्या लिहिल्या गेल्या.

गांवचा हा नित्याचा इतिहास कोठें लिहिलेला आहे? आमच्या मतें तो पेठेच्या कागदांत आहे. आणि आपण संग्राहकांनीं त्या कागदांस अद्याप ऐतिहासिक साधनांच्या पंक्तीस बसविलेलें नाहीं. पोथी, सनद, महजर, बखर यांस आपण जपतों. वाण्याची खतावणी मात्र रद्दींत जाऊं देतों. यानें आपली हानि काय झाली व अद्याप काय वांचवितां येईल, हें या दोन पेठांच्या व त्यांच्या शेजारच्या सुप्याच्या उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम बाजारगांव म्हणजे काय याचा विचार करूं. याकामीं इंग्लंडचें उदाहरण उपयोगीं पडतें, कारण तेथें ही संस्था कायद्याच्या भाषेंत स्पष्टपणें मांडलेली आढळते. मध्ययुगीन इंग्लंडांत कोणत्याही गांवास आपल्या मर्जीनें बाजार भरवितां येत नसे. त्यास राजाची सनद लागे. आठवड्याचा कोणता वार, वर्षाची जत्रा कोणत्या सणास, आणि बाजाराचें उत्पन्न कोणाकडे, हें त्या सनदेंत नमूद असे. जॉन राजाच्या कारकीर्दीच्या आरंभापासून, म्हणजे ११९९ पासून, अशा सनदांच्या नकला सरकारी गुंडाळ्यांत क्रमवार उतरवून ठेवलेल्या आहेत. तेराव्या शतकांतील ब्रॅक्टन या धर्मशास्त्रकारानें तर नव्या बाजाराचें अंतरही ठरवून दिलें. जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आंत, सूक्ष्म हिशेबानें सहा मैल व दोन-तृतीयांश, नवा बाजार भरल्यास तो उपद्रव समजावा असें त्याचें मत. त्याची उपपत्ति मोठी मार्मिक आहे. माणसाची दिवसाची मजल वीस मैलांची. त्या दिवसाचे तीन भाग करावे : एक जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा व एक परतण्याचा, म्हणजे सूर्यास्तापूर्वीं मनुष्य घरीं पोंचतो. वीस मैलांचा तिसरा हिस्सा म्हणजेच वरील अंतर.

मापांविषयींही असेंच. १२१५ च्या प्रसिद्ध महासनदेंत, राज्यभर धान्याचें, मद्याचें व कापडाचें माप एकच असावें असें एक कलम आहे. आणि जत्रेंतल्या तंट्यांचा निवाडा तेथल्या तेथें करणारें एक न्यायालय असे. त्याच्या नांवाचा मूळ फ्रेंच अर्थ 'धुळीनें भरलेले पाय' असा आहे. व्यापारी आज आला, उद्यां गेला. त्याच्या पायाची धूळ झडण्यापूर्वीं निवाडा व्हावा, हा हेतु. सारांश, ठरलेला वार, भरवशाचें माप, जागच्या जागीं न्याय व लेखी अधिकार या चार गोष्टींनीं बाजारगांव उभें राहतें. देऊळ किंवा गढी त्यास शोभा व आसरा देते. पण गांवास बाजार करते ती ही चौकडी.

३

आपल्याकडे हीच व्यवस्था वेगळ्या शब्दांत होती. परगण्याचें मुख्य ठाणें तें कसबा. आणि व्यापारासाठीं मुद्दाम वसविलेली वस्ती ती पेठ. पेठ वसविण्यास राजसत्तेचा कौल लागे. कौलनाम्यांत, येणाऱ्या उदमी लोकांस अमुक वर्षें कर माफ, पुढें इस्ताव्यानें, म्हणजे वर्षास थोडा थोडा वाढवीत, घ्यावा, त्यांस कोणी वेठ-बिगार लावूं नये, असा अभय असे. पेठेचे वतनदार दोन : शेटे आणि महाजन. व्यापाऱ्यांस बोलावून आणणें, त्यांस जागा नेमून देणें, मापांवर नजर ठेवणें, तंटा पडल्यास गोतास बसविणें हीं त्यांचीं कामें. आणि त्याबद्दल बाजारांतल्या मालांतून त्यांस मानाचे हक्क मिळत. पाटींतून मूठभर धान्य उचलावयाचें तिला फसकी म्हणत. हा हक्क क्षुल्लक दिसतो, परंतु वतनाच्या तंट्यांत याच मुठीवरून पिढ्यान् पिढ्यांचे कज्जे चालले आहेत.

सरकारचें उत्पन्न जकात व मोहतर्फा या दोन बाबींचें. माल भरला तेथें थळभरीत, माल मोडला, म्हणजे विकला, तेथें थळमोड, अशा जकातीच्या पोटबाबी. आणि दुकानें व कसबी लोक यांवर मोहतर्फा. मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती इंग्रज सरकारनें १८३८ च्या कायद्यानें उठविल्या. त्यामुळें जकातीचे नाके बंद पडले, व नाक्यांवरील याद्या निरुपयोगी म्हणून घरोघर पडून राहिल्या.

यावरून पेठेचे कागद किती जातींचे असूं शकतात हें ध्यानांत येईल : कौलनामे, शेटे-महाजनांच्या वतनाचे महजर, जकातीच्या याद्या, मोहतर्फ्याचे तक्ते, व्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी व खतावण्या, हुंड्या, कर्जरोखे आणि गहाणखतें. यांपैकीं पहिल्या दोन जाती आपण गोळा करतों, कारण त्यांवर शिक्कामोर्तब असतें. बाकीच्यांकडे आपण ढुंकूनही पाहत नाहीं.

४

आतां इंदापुराकडे वळूं. गांवचें दैवत इंद्रेश्वर, आणि नांवाची व्युत्पत्ति लोक त्यावरूनच लावतात. संस्कृत पढविण्यांत हयात गेलेल्या मनुष्यास 'इंद्रपुर' शब्दाचा मोह पडणें स्वाभाविक आहे. परंतु नांवाचीं जुनीं लिखित रूपें कालानुक्रमानें हातीं आल्यावांचून व्युत्पत्ति सांगूं नये, हा नियम आम्ही पाळतों. बारामती शब्दांतील 'बारा'विषयींही आमचें तेंच म्हणणें. अशीं रूपें सर्वांत निर्मळ कोठें सांपडतील? सनदेंत कारकुनानें नांव संस्कारून लिहिलेलें असतें. परगांवच्या व्यापाऱ्यानें मात्र आपल्या वहींत तें जसें कानीं पडलें तसें लिहिलेलें असतें.

सतराव्या शतकाच्या पहिल्या पादांत मालोजीराजे भोसले इंदापूर येथें लढाईत पडले. कवीन्द्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत या प्रसंगाचा निर्देश आहे. हें काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतून मिळून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, हें वाचकांस विदितच आहे. इंदापुरांत राजांच्या नांवाची गढी व तिच्यालगत चांदशाहवलीचा दर्गा आहे. पुढें पुणें, सुपें, इंदापूर व चाकण हे परगणे शहाजीराजांच्या मोकाशांत राहिले. म्हणजे शिवछत्रपतींच्या बाळपणींच्या जहागिरींत इंदापूर व सुपें हे दोन्ही कसबे होते. यांपैकीं सुपें संभाजी मोहिते यांजकडे असतां महाराजांनीं तें १६५६ सालीं आपल्या ताब्यांत घेतलें.

परंतु इंदापुराचें नांव ज्या कारणानें परदेशींच्या ग्रंथांतही शिरलें तें कारण निराळेंच आहे, आणि त्याचा संबंध बाजाराशीं आहे. १८१८ नंतर पुणें प्रांतांत इंग्रजांनीं जी पहिली मोजणी केली ती रॉबर्ट कीथ प्रिंगल यानें १८२७ ते १८३० या काळांत. शेताच्या उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा करून उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा, असें त्याचें तत्त्व होतें. रिकार्डोच्या अर्थशास्त्रावरून घेतलेलें तें तत्त्व कागदावर सुंदर होतें. पण निव्वळ उत्पन्नाचे आंकडे चुकले, धान्याचे भाव उतरले, आणि इंदापुरासारख्या अल्प पर्जन्याच्या तालुक्यांत रयत जमिनी टाकून निघून गेली. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या दोघांनीं इंदापूर तालुक्याची फेरमोजणी हातीं घेतली. १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीनें जी जमाबंदी झाली, तीच मुंबई इलाख्यांतील पुढील सर्व जमाबंदीचा पाया होय. शेताचे नंबर पाडणें, जमिनीची प्रत आण्यांत ठरविणें, आणि मुदतींत सारा न वाढविण्याचें वचन देणें, या पद्धतीचा आरंभ इंदापुरास झाला.

यांत बाजाराचा संबंध कोठें येतो? ही पद्धति १८४७ च्या संयुक्त अहवालांत पक्की झाली तेव्हां गांवांचे गट पाडण्याच्या कसोट्या ठरल्या. त्यांत हवापाणी व शेतीची रीत यांच्या जोडीस बाजाराची सोय ही एक कसोटी होती. दोन शेतांची माती एकाच प्रतीची असली तरी ज्याच्या गांवास बाजार जवळ, त्याचा सारा चढा. ब्रॅक्टननें ज्या अंतरावरून बाजारांचें रक्षण केलें, त्याच अंतरावरून येथें साऱ्याचा दर ठरूं लागला. म्हणून या पट्ट्यांतील पेठांचा इतिहास हा केवळ दुकानदारांचा इतिहास नव्हे. शेतकऱ्याच्या डोक्यावरील भाराचाही तो इतिहास आहे.

५

बारामतीचें वैभव पेशवाईंतलें. सदाशिव ऊर्फ बाबूजी नाईक जोशी हे येथील प्रसिद्ध सावकार व सरदार. त्यांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिली होती. थोरले बाजीराव नाईकांचे ऋणको होते, आणि बाजीरावांच्या मृत्यूनंतर १७४० सालीं रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यानें पेशवेपदाची अपेक्षा नाईकांनीं धरली होती, हें सर्वश्रुत आहे. राजकारण व सावकारी यांची ही सांगड लक्षांत घेतली म्हणजे कऱ्हेकांठचा नाईकांचा वाडा निव्वळ सरदाराचा वाडा राहत नाहीं. ती हुंडीची पेढीही दिसूं लागते.

याच नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत बारामतीस राहिले. पंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यास झाला. तरुणपणीं ते बारामतीस आले, आणि १७९४ च्या चैत्रांत तेथेंच त्यांनीं देह ठेवला. 'आर्याभारत', 'केकावलि', अष्टोत्तरशत रामायणें या सर्व निर्मितीस बारामतीच्या सावकारीचा पैसा कारण झाला असें म्हटल्यास पंतांचा अधिक्षेप होत नाहीं. पंत पुराण सांगत, तें ऐकणारा धनिक नाईक होता. आणि नाईकाच्या घरांत पंतांच्या पोथीच्या शेजारीं खतावणी होती. पंतांच्या पोथ्यांचा शोध अनेकांनीं मोठ्या निष्ठेनें घेतला. शेजारच्या खतावणीचा घेतला असता तर एका कवीस वर्षास काय दिलें जात असे, कागद व शाई यांस काय मोल पडे, हेंही आज सांगतां आलें असतें.

या भरभराटीवर पहिला मोठा आघात १८०२ सालीं झाला. त्या वर्षाच्या ८ ऑक्टोबर रोजीं यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने यानें बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. २५ ऑक्टोबर रोजीं, दिवाळींत, हडपसरची लढाई होऊन बाजीराव पुण्याहून पळाला. होळकरांचें मूळ गांव होळ हें याच नीरेच्या कांठीं, आज बारामती तालुक्यांतच आहे, हा दैवाचा विचित्र योग. फौजांच्या धुमाळीमागून १८०३-०४ चा घोर दुष्काळ आला, आणि हा सारा प्रांत उजाड झाला. प्रिंगलनें जें इंदापूर मोजलें तें या आघातांतून पुरतें सावरलेलें नव्हतें.

६

आतां सुप्याची हकीकत. सुपें हा कसबा त्या काळीं भीमथडी तालुक्यांत होता. आज तो बारामती तालुक्यांत आहे. तेथेंही जुना बाजार भरतो, आणि गुजराती व मारवाडी सावकारांचीं दुकानें तेथें पुष्कळ होतीं.

१८५८ च्या डिसेंबरांत पुण्याहून दिकसाळपर्यंत व १८६० च्या जूनांत सोलापुरापर्यंत आगगाडी सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी चालू असल्यानें हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. हातीं पैसा खेळूं लागला, पत वाढली, कर्जही वाढलें. युद्ध संपतांच भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास इंदापूरची तीस वर्षांची मुदत पुरी झाली, व १८६७ पासून तेथें व पुढें शेजारच्या तालुक्यांत वाढलेले दर लागू होऊं लागले. आगगाडी आल्यानें बाजार जवळ आला, हें या वाढीचें एक समर्थन होतें. भाव उतरते आणि सारा चढता, अशा कचाट्यांत रयत सांपडली. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुणें सार्वजनिक सभेनें या वाढीविरुद्ध आवाज उठविला.

१८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख, बुधवार, हा सुप्याचा बाजाराचा दिवस होता. त्या दिवशीं आसपासच्या गांवांतील शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दंग्याचें लोण पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ सालीं झाला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला.

संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या दंग्यांत जमावाची मुख्य मागणी रोख्यांची होती. कर्जरोखे, हुकूमनामे व हिशेबाच्या वह्या हस्तगत करून त्या जाळणें हा उद्देश. जेथें सावकारानें कागद निमूटपणें काढून दिले तेथें बहुधा त्याच्या अंगास कोणी हात लावला नाहीं. ज्यांस आपलें नांवही लिहितां येत नव्हतें त्या शेतकऱ्यांनीं पेठेच्या कागदाची शक्ति बरोबर ओळखली होती. आपण सुशिक्षितांनीं मात्र पुढें दीडशें वर्षें त्याच कागदास कचरा समजावें, हें विपरीत नव्हे काय?

या प्रसंगाचे तीन परिणाम आपल्या कामावर झाले आहेत. पहिला, या टापूंतील १८७५ पूर्वींच्या सावकारी वह्या मुळांतच विरळ झाल्या. दुसरा, ज्या वांचल्या त्या दाखविण्यास घरांतील माणसें संकोचतात. आपल्या पूर्वजांस लोक लुटारू म्हणतील ही भीति त्यांच्या मनांत असते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. तिसरा परिणाम मात्र उपकारक आहे. नव्या कायद्यानें रोखे गांव-निबंधकापुढें लिहविण्याची सक्ति केली, आणि न्यायालयानें नुसत्या रोख्यावर न थांबतां देवघेवीचा हिशेब मुळापासून उलगडावा असें सांगितलें. म्हणून ज्या व्यवहारांच्या वह्या नाहींशा झाल्या त्यांच्या नकला व जबान्या निबंधकांच्या व न्यायालयांच्या जुन्या कागदांत सांपडण्याचा संभव आहे. तो शोध कोणीतरी हातीं घेतला पाहिजे.

७

१८७५ नंतर दोन्ही पेठांचें दैव पाण्यानें व रुळांनीं ठरविलें. दोन्ही गांवांत नगरपालिका १८६५ सालींच झाल्या होत्या; त्या बाबतींत दोघी समान होत्या. पुढें १८७६ च्या महादुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम दुष्काळी काम म्हणून निघालें, आणि १८८५ सालीं तो कालवा सुरू झाला. भाटघरच्या धरणाचें पाणी सुमारें शंभर मैल वाहून पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांस मिळूं लागलें. १९२८ सालीं भाटघरचें मोठें लॉइड धरण पुरें झालें. बाजरी-ज्वारीच्या माळावर ऊंस उभा राहिला. सासवडकडील माळी शेतकरी कालव्यामागें खालीं उतरले. बारामतीच्या पेठेंत गुळाच्या ढेपा रचल्या जाऊं लागल्या. १९१४ सालीं दौंड-बारामती ही अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, आणि बारामतीचा गूळ थेट मुख्य लोहमार्गास जाऊन मिळाला.

इंदापूर गांवास आगगाडी आली नाहीं. मुख्य लोहमार्ग तालुक्याच्या कडेनें दिकसाळावरून गेला, व गांव सडकेवरच राहिलें. तालुक्यांत वालचंदनगरसारखी औद्योगिक वसाहत १९३० नंतरच्या दशकांत उभी राहिली, पण ती कसब्यापासून दूर. पुढें भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि तिच्या कांठचीं कित्येक गांवें जलाशयांत गेलीं. पळसदेवचें जुनें शिवालय पाण्याखालीं असतें. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे त्याचें शिखर व सभामंडप पुन्हां दिसतात, व लोक होडींतून जाऊन पाहून येतात. दगड पाण्यांतूनही परत वर येतो. कागदाचें तसें नाहीं. गांव उठलें तेव्हां घरोघरच्या दफ्तरांचें काय झालें, हें त्या पिढींतील वृद्धांस विचारण्याची वेळ आतां जवळजवळ टळत आली आहे.

८

येथें आमच्या स्वतःच्या एका प्रमादाची कबुली देणें प्राप्त आहे. चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंत नव्यानें रुजू झालों होतों, व पंतांच्या आर्यांच्या हस्तलिखित पोथ्यांच्या शोधांत सुट्टीच्या दिवशीं हिंडत होतों. या टापूंतील एका पेठेंत एका वृद्ध व्यापाऱ्यानें आम्हांस आपल्या वाड्याच्या माळ्यावर नेलें. तेथें लाल कापडांत बांधलेल्या वह्या भिंतीशीं छातीइतक्या उंच रचलेल्या होत्या. "गुरुजी, ह्या वाचून सांगाल का कांहीं?" असें ते म्हणाले. आम्हीं एक वही उघडली. वर 'श्री', खालीं नांवें, माल व रकमा. आम्ही म्हणालों, "यांत काव्य नाहीं." त्यांनीं मुकाट्यानें वही बांधून ठेवली व आम्हांस चहा दिला. पुढें पंधरा-सोळा वर्षांनीं, अक्कल आल्यावर, आम्ही परत गेलों. वृद्ध गेले होते, वाडा उतरवून तेथें नवी इमारत झाली होती, आणि वह्या वजनावर विकल्या गेल्या होत्या. त्यांचे चिरंजीव नम्रपणें म्हणाले, "आपणच पाहून गेला होता ना? कामाच्या असत्या तर आपण तेव्हांच सांगितलें असतें." यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : दफ्तर जसें बांधलेलें असेल तसेंच ठेवावें. सुबक अक्षराचा एक कागद काढून घेऊन बाकीचा गठ्ठा सोडूं नये. वह्यांचें मोल त्यांच्या ओळींत नसून अनुक्रमांत असतें. दहा वर्षांच्या वह्या एकत्र असल्या तरच ज्वारीचा भाव कसा चढला-उतरला हें कळतें. दुसरी : कागद कोणत्या गांवांत व कोणत्या पेठेंत मिळाला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. तिसरी : अक्षर वाचतां येत नाहीं म्हणून वही टाकूं नये. मराठी वह्या मोडींत असतात. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्या बहुधा काना-मात्रा नसलेल्या महाजनी वळणाच्या लिपींत असतात. आज आपणांस न आलें तरी उद्यांच्या वाचकास येईल.

चौथी सूचना कालगणनेची. एकाच बाजारांत चार सन चालत. ब्राह्मणी कागदांत शालिवाहन शक. सरकारी कागदांत मृगापासून सुरू होणारे शुहूर व फसली सन. आणि गुजराती व्यापाऱ्याच्या वहींत कार्तिकापासून बदलणारा विक्रम संवत्. उदाहरणार्थ, बारामतीची ८ ऑक्टोबर १८०२ ची लढाई घ्या. तिचा शक १७२४, शुहूर सन १२०३, म्हणजे सलास मयातैन व अलफ, आणि फसली १२१२. पंचांगांतील चैत्री संवत् १८५९. परंतु व्यापाऱ्याच्या वहींत त्या दिवशीं १८५८ असावयाचा, कारण त्याचें वर्ष दिवाळीच्या पाडव्यास, म्हणजे आणखी सुमारें वीस दिवसांनीं, पालटणार. ही गोष्ट न कळल्यामुळें खरा कागद खोटा ठरविल्याचे प्रसंग घडतात.

पांचवी व शेवटची सूचना मनाची. वही मागतांना घरच्या माणसांस अभय द्यावें. आपण पूर्वजांचा न्याय करावयास आलेलों नाहीं. सावकाराच्या वहींत कर्ज आहे. परंतु त्याच वहींत बियाण्याचा दाणा आहे, लेकीच्या लग्नाचें लुगडें आहे, दुष्काळांत विकलेला बैल आहे. ज्या कुणब्याचें नांव कोणत्याही बखरींत नाहीं, त्याच्या हयातींतला एकमेव लेख बहुधा त्याच्या सावकाराच्या वहींतच असतो. १८७५ सालीं त्याच्या पूर्वजांनीं ती वही जाळली, तें त्यांच्या परीनें योग्य असेल. पण आज तीच वही त्याच्या कुळाची ओळख आहे.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक वाचकांस विनवीत असे कीं, या पोथीस तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. खतावणीच्या शेवटीं अशी विनंति कोणी लिहून ठेविली नाहीं. दिवाळीस वहीपूजन झालें कीं जुनी वही माळ्यावर जाई, एवढेंच. बारामती, इंदापूर व सुपें येथील जे माळे अद्याप शाबूत आहेत, त्यांवर ज्या वाचकांस चढतां येईल त्यांनीं या दिवाळीपूर्वीं चढावें, आणि काय आढळलें तें त्रैमासिकाकडे दोन ओळींत कळवावें, अशी आमची प्रार्थना आहे. आम्हांस एकदां ती संधि आली होती.